आईच्या गुडघ्यांसाठी अ‍ॅक्युपंक्चर करावं की व्यायाम? की दोन्ही?

वैदेही

नमस्कार. प्रश्न माझ्या आईचा आहे. वय ७१. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. गेल्या वर्षभरात दुखणं बरंच वाढलं म्हणून एक्स-रे काढला. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, ग्रेड तीन (चार म्हणजे सगळ्यात जास्त). अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, आधी व्यायाम आणि वजन बघा. वरून लावायला एक जेल दिलं आणि व्यायामांची चित्रं छापलेला एक कागद. तो कागद औषधांच्या डब्यात, गोळ्यांच्या पट्ट्यांखाली घडी होऊन पडलाय.

आईचं म्हणणं सरळ आहे : "गुडघे झिजलेत म्हणतात ना, मग हलवून हलवून आणखी झिजवायचे कशाला?" तिने हळूहळू सगळंच कमी केलंय. जिना उतरताना कठडा घट्ट धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवते. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा देते, अर्ध्यावर थांबते, मग उभी राहते, आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी थोडा वेळ तशीच उभी असते. सकाळी गुडघे आखडलेले असतात, पाच-दहा मिनिटं वावरली की मोकळे होतात. संध्याकाळी कधीतरी थोडी सूज दिसते. रात्री झोप लागते, दुखण्याने जाग येत नाही.

आता मावशीने अ‍ॅक्युपंक्चरचं सुचवलंय. तिच्या ओळखीच्या एका बाईंना खूप फरक पडला म्हणे. आई लगेच तयार झाली, कारण त्यात तिला स्वतःला काही करावं लागत नाही, पडून राहायचं. मला तिला नाही म्हणवत नाही. पण सुयांनी बरं वाटलं की व्यायाम कायमचा बाजूला पडेल, ही धास्ती आहे. उलट मी व्यायामाचाच हट्ट धरला आणि तिचं दुखणं वाढलं तर ती परत त्या वाटेला जाणार नाही.

तर विचारायचं आहे ते असं : सुयांनी खरंच उपयोग होतो का, आणि झाला तर किती टिकतो? व्यायामाने झीज वाढते का? दोन्ही एकत्र केलं तर जास्त फायदा होतो का? ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांचं हे कामच आहे, त्यांनी कृपया लिहा.

प्रकाश

वैदेही, मी ६८ वर्षांचा, डावा गुडघा. अ‍ॅक्युपंक्चर घेतलं आहे, म्हणून लिहितो.

उताणं झोपवतात, गुडघ्याखाली उशी. सुया केसाहून थोड्या जाड असतील, टोचल्याचं फारसं कळत नाही. पण आत गेल्यावर सुई जरा फिरवली की आजूबाजूला जडपणा येतो, आतून दाबल्यासारखं वाटतं. ते तसं वाटायलाच हवं, असं मला सांगितलं होतं. मग वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडायचं. मला तर झोप लागायची. घरी येताना पाय हलका वाटे. आठवड्यातून दोनदा जायचो, काही आठवड्यांनी दुखणं नक्की कमी झालं. कोर्स संपल्यावर काही दिवस छान गेले आणि मग हळूहळू परत सुरू झालं.

पुढे एका फिजिओकडे जाऊन मांडीचे व्यायाम शिकलो. त्याने असा एका दिवसात फरक पडला नाही, उलट पहिले काही दिवस मांड्या भरून आल्या होत्या. पण आज जिना उतरताना जो भरवसा वाटतो तो त्याचा आहे. सुया वाईट म्हणणार नाही, त्या काळात मला मोठा दिलासा होता. आईंना जावंसं वाटतंय तर जाऊ द्या, फक्त व्यायाम सोडू नका.

नंदिनी

वैदेही, मी फिजिओथेरपिस्ट आहे. बरीच वर्षं या कामात आहे आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त पेशंट येतात ते साठीच्या पुढचे, गुडघ्यांचे. ड्राय नीडलिंग, म्हणजे दुखऱ्या स्नायूत बारीक सुया टोचण्याची पद्धत, हीही शिकले आहे, त्यामुळे सुयांशी माझं वैर नाही. सविस्तर लिहिते, कारण तुमची धास्ती मला पूर्ण पटते.

आधी आईंच्या भीतीबद्दल. खरा अडसर तिथेच आहे, आणि "झीज" या निदानाने ही भीती घराघरांत बसलेली मी रोज बघते. गुडघ्यातली कूर्चा, जिला आपण गादी म्हणतो, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. सांध्यावर भार पडला की ओल्या स्पंजासारखा तो द्रव कूर्चेतून बाहेर येतो आणि भार सुटला की परत आत शोषला जातो. म्हणजे सांधा वापरणं ही त्याची गरजच आहे. कूर्चेत चेतातंतूही नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर आणि आजूबाजूच्या ऊती. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. ग्रेड चार असून रोज फिरायला जाणारी माणसं माझ्याकडे आहेत आणि ग्रेड दोनला घराबाहेर न पडणारीही.

"व्यायामाने झीज वाढेल का" हा प्रश्न तपासूनही झालाय. १९९७ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेले साठीच्या पुढचे ४३९ लोक होते. एका गटाला चालण्याचा व्यायाम, एकाला वजनं वापरून ताकदीचा, आणि एकाला नुसती आरोग्याची माहिती. हे १८ महिने चाललं. व्यायामाच्या दोन्ही गटांत दुखणं आणि हालचाल माहितीवाल्या गटापेक्षा बरी होती, आणि एक्स-रेमध्ये तिन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. दीड वर्षं चालून, वजनं उचलून गुडघे जास्त झिजले नाहीत. आईंना हे जरूर सांगा, अगदी याच शब्दांत.

आता त्यांचं खुर्चीतून उठताना अर्ध्यावर थांबणं. तुम्ही ते फार नेमकं टिपलंय. गुडघा दुखला किंवा त्यात थोडं पाणी भरलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मिळणारा संदेशच आपोआप कमी होतो. त्यात माणूस आपणहून त्या पायाला जपतो. स्नायू बारीक होतो, गुडघ्याला आधार कमी पडतो, मग आणखी दुखतं, मग आणखी जपलं जातं. घरीच बघा : आईंना पलंगावर पाय लांब करून बसवा. दोन्ही गुडघ्यांखाली छोट्या टॉवेलची गुंडाळी ठेवा. तुमचे तळहात वाटीच्या चार बोटं वर, मांडीवर ठेवा आणि त्यांना गुडघ्याने गुंडाळी खाली दाबायला सांगा. डावीकडचा स्नायू हाताखाली टणक होईल, उजवीकडचा बहुतेक उशिरा आणि मऊ लागेल. तो फरक त्यांचा हात ठेवून त्यांनाही दाखवा. आपला पाय कशामुळे दगा देतोय हे स्वतःच्या हाताला कळलं की माणूस व्यायामाकडे वेगळ्या नजरेने बघतो. माझ्याकडे तरी दहा चित्रं दाखवून जे होत नाही ते यानं होतं.

आता सुया. उपयोग होतो का? सुया घेणाऱ्यांना बरं वाटतं, हे खरं आहे, प्रकाशकाकांचा अनुभव अगदी नेहमीचा आहे. पण ते सुईमुळे वाटतं का, हे तपासायला नकली सुया वापरून अभ्यास झालेत. २००६ साली जर्मनीत सुमारे हजार रुग्णांवर झालेला घ्या. एका गटाला शास्त्राप्रमाणे नेमक्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला फक्त डॉक्टरांच्या भेटी आणि नेहमीचे उपचार. फिजिओथेरपी आणि गरजेपुरती वेदनाशामकं तिन्ही गटांना होती. २६ आठवड्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ५३ टक्के लोकांना चांगला फरक होता, भलत्या जागी टोचलेल्यांत ५१ टक्के आणि तिसऱ्या गटात २९ टक्के. मी हे आकडे वाचल्यावर बराच वेळ त्यांच्यावर विचार करत होते. सुया घेतलेल्यांना फायदा भरपूर झालाय, पण सुई कुठे टोचली याने जवळपास काहीच फरक पडला नाही. आपल्याकडे कुणी अर्धा तास लक्ष देतंय, हात लावून बघतंय, बरं वाटेल अशी आशा आहे, शांत पडून राहायला मिळतंय, यातलं बरंच काही वेदना कमी करतं. त्या वेदना खोट्या होत्या असा याचा अर्थ अजिबात नाही. वेदनेचा आवाज लहानमोठा करण्याचं काम मज्जासंस्था नेहमीच करत असते.

तुमचा तिसरा प्रश्न, दोन्ही एकत्र केलं तर? नेमका याच प्रश्नावर इंग्लंडमधल्या फिजिओथेरपी केंद्रांत एक अभ्यास झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी आणि त्यापुढचे ३५२ रुग्ण. सगळ्यांना सल्ला आणि व्यायाम. त्यातल्या एका गटाला सोबत खरं अ‍ॅक्युपंक्चर, एकाला टोक आत सरकणाऱ्या बोथट सुया, ज्या त्वचेत शिरतच नाहीत. सहा महिन्यांनी दुखण्याच्या मुख्य मोजमापात व्यायामावर सुयांची काही भर पडलेली दिसली नाही. सुरुवातीच्या दोन ते सहा आठवड्यांत खऱ्या सुयांनी वेदनेची तीव्रता थोडी कमी केली होती. बोथट सुयांनीही केली होती, आणि त्यांचा तो थोडा फायदा उलट जास्त टिकला.

म्हणून वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचनांत मतं वेगळी सापडतील. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या सूचनांत त्याला सौम्य, अटींसह शिफारस दिली. पण व्यायामाबाबत दोघांचंही एकमत आहे आणि ते ठाम आहे : वय कितीही असो, ग्रेड कुठलाही असो, व्यायाम सगळ्यांना.

माझं मत विचाराल तर : आईंची ताकद, वेळ आणि तुमची ने-आण यांतून एकच गोष्ट निभणार असेल, तर ती व्यायाम असू द्या. दोन्ही जमत असेल आणि त्यांचं मन सुयांवर असेल तर घ्या, पण सुयांच्या दिवसालाच व्यायाम जोडा. सुया घेऊन आल्यावर पाय हलका वाटतो ना, त्याच दुपारी किंवा संध्याकाळी व्यायाम. दुखणं उतरलेलं असतं तेव्हा स्नायू जास्त चांगला कामाला लागतो. ते मोकळे तास आराम करण्यात गेले तर हाती काही राहत नाही, आणि अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्या माझ्या पेशंटांत मला हेच सगळ्यात जास्त दिसतं.

आणि तो कागद डब्यातून काढा, पण त्यातलं सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी. एक, वर सांगितलेली गुंडाळी दाबणं, पाच-सहा सेकंद धरून सोडायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. श्वास कोंडायचा नाही. दोन, खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवा म्हणजे सरकणार नाही. बैठकीवर घट्ट उशी ठेवून ती उंच करा, इतकी की हातांनी हलका आधार घेऊन त्या न थांबता उठू शकतील. पावलं जरा मागे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकायचं आणि मग उठायचं. बसताना धप्पकन नाही, मनात तीन मोजत. पाच वेळा जमलं तरी पुरे. दोन्हीकडचं वजन सारखं पडतंय का ते समोरून बघा; बहुतेक त्या डावीकडे झुकतील. ही उशी काढता येणं हेच आपलं पहिलं उद्दिष्ट धरा.

त्यानंतर एका कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं (कमरेच्या बाजूचा स्नायू, याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात), जड टेबल धरून टाचा उचलणं, मग बुटक्या पायरीवर चढ-उतार. आठवड्यातून किमान तीन दिवस, आणि शक्य असेल तर सुरुवातीचे काही आठवडे कुणा फिजिओच्या देखरेखीखाली. देखरेखीखाली केलेल्या व्यायामाचा फायदा जास्त दिसतो. ताकदीत खरा फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे धरा. त्याआधी "काही होत नाही" म्हणून सोडू देऊ नका.

वजनाचंही सांगते, कारण डॉक्टरांनी ते म्हटलंय. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. दोन-तीन किलोसुद्धा म्हणून वाया जात नाहीत.

वैदेही

नंदिनीताई, इतकं समजावून लिहिलंत, मनापासून आभार. प्रकाशकाका, तुमचेही.

टॉवेलचा प्रयोग काल रात्री केला. तुम्ही म्हणालात तसंच. उजवीकडे आई "दाबतेय, दाबतेय" म्हणत होती आणि हाताखाली काहीच कळत नव्हतं, मग थोड्या वेळाने हलकासा ताण आला. तिने स्वतः हात ठेवून बघितलं आणि गप्प झाली. सकाळी मला न सांगता गुंडाळी घेऊन बसलेली दिसली.

दोन शंका राहिल्या. एक, व्यायाम करताना दुखलंच तर थांबायचं की रेटायचं? आई पहिल्या कळेला थांबणारी आहे. दुसरं, हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे तिला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. सुया चालतील का?

समीर

मी डॉक्टर आहे आणि अ‍ॅक्युपंक्चर करतो. नंदिनी यांनी मांडलेल्या अभ्यासांबद्दल वाद नाही, पण चित्र थोडं अपुरं वाटलं म्हणून भर घालतो.

नकली सुई म्हणजे काहीच न करणारी साखरेची गोळी नव्हे. त्वचेला बोथट टोकाने दाबलं किंवा भलत्या जागी टोचलं तरी मज्जासंस्थेला संदेश जातोच. त्यामुळे खऱ्या-खोट्या सुयांतला फरक लहान दिसणं स्वाभाविक आहे. दुसरं म्हणजे मात्रा. इंग्लंडच्या अभ्यासात जास्तीत जास्त सहा बैठका होत्या. २०२१ साली चीनमधला ४८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्याला तीन अशा २४ बैठका दिल्या होत्या. तिथे सुयांना सौम्य विद्युतप्रवाह जोडलेल्या गटात सुमारे ६० टक्के लोकांना फरक पडला, नकली गटात सुमारे ४७ टक्के. जुनाट वेदनांवरच्या बऱ्याच चाचण्यांतली हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही खऱ्या सुया नकलीपेक्षा सरस आहेत, फरक थोडा असला तरी.

आणखी एक. या वयात वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला, पोटाला, रक्तदाबाला त्रास देतात. वैदेहीच्या आईंना तर रक्त पातळ ठेवायच्या गोळीसोबत त्या घेणं जास्त धोक्याचं. अशा माणसाला सुयांनी थोडा आराम मिळत असेल तर त्याची किंमत कमी लेखू नये. व्यायाम हवाच, त्याबद्दल दुमत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांनाही मी तो करायला लावतो.

नंदिनी

समीर, गोळ्यांबद्दलचा मुद्दा मला पूर्ण मान्य. वैदेही, हे लक्षात ठेवा : आईंना दुखलं म्हणून घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका, रक्त पातळ ठेवायच्या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो. जेलसुद्धा रोज लावत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.

मात्रेबद्दल : चीनच्या त्याच अभ्यासात विद्युतप्रवाह नसलेल्या साध्या सुयांच्या गटाचा नकली गटाशी फरक ठामपणे सिद्ध झाला नव्हता, तेही सांगायला हवं. आणि २०१४ साली ऑस्ट्रेलियात पन्नाशीपुढच्या २८२ लोकांवर झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांच्या उपचारानंतर सुया आणि लेझर (सुईऐवजी त्याच बिंदूंवर सोडलेला प्रकाशकिरण) दोन्ही नकली लेझरहून सरस ठरले नाहीत. काहीच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा थोडं बरं होतं, ते वर्षाअखेरीस उरलं नव्हतं. शिवाय आठवड्यातून तीनदा कुणाकडे जाणं ७१ व्या वर्षी सोपं नाही. एवढी ये-जा जमणार असेल तर त्या तीन खेपा मी देखरेखीखालच्या व्यायामाला देईन. त्यातून आलेली ताकद त्यांची स्वतःची असते, ती राखायला रोज कुणाच्या दारात जावं लागत नाही. माझा आग्रह आहे तो एवढ्यासाठीच. सुया घेणाऱ्याला त्यापासून तोडायचं म्हणून नव्हे.

आता वैदेहीच्या शंका.

दुखण्याचं माप : शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना ज्येष्ठांना मी चारपर्यंत चालू ठेवायला सांगते. चारच्या वर गेलं तर खुर्चीची उशी वाढवा किंवा संख्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघायचं. दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं असेल तर कालचं माप बरोबर होतं. वाढलेलंच असेल किंवा गुडघा फुगला असेल तर एक पायरी खाली या. मांड्या भरून येणं वेगळं आणि गुडघ्यात कळ येणं वेगळं, हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच भरून येण्याला त्या घाबरतील. एखादा दिवस विनाकारण जास्त दुखतो, या आजाराचं ते वळणच आहे. त्या दिवशी फक्त गुंडाळी दाबायची, पण आडवं पडून राहायचं नाही.

सुया आणि रक्त पातळ ठेवायची गोळी : नुसत्या त्या गोळीमुळे बारीक सुया वर्ज्य ठरत नाहीत, पण सुया देणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगायचं आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाही विचारायचं. सुयांसाठी गोळी मनाने बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. खोल टोचणं नको, सुई काढल्यावर त्या जागी नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरायचं. काळं-निळं पडू शकतं. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या हव्यात. आणि ठोक्यांचा त्रास आहे म्हणालात : पेसमेकर बसवलेला असेल तर विद्युतप्रवाहाच्या सुया नकोत. शिकलेल्या माणसाच्या हातून या उपचारात गंभीर त्रास क्वचितच होतो, म्हणून घाबरू नका, फक्त बघून माणूस निवडा.

काही गोष्टी मात्र व्यायाम आणि सुया दोन्ही थांबवून लगेच डॉक्टरांकडे नेण्याच्या आहेत : गुडघा एकाएकी लाल, गरम आणि टम्म फुगणं, सोबत ताप; पोटरी सुजून दुखणं; पायावर अचानक भारच टाकता न येणं; गुडघा मध्येच अडकून सरळ न होणं. आणि गुडघ्यासोबत जांघेत दुखत असेल, मोजे घालताना पाय वळवणं कठीण जात असेल, तर खुबाही तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, आणि माणसं गुडघ्यावरच उपचार करत राहतात.

प्रकाश

नंदिनी, एक विचारतो. मी लांब चालताना काठी घेतो, डाव्या हातात, कारण गुडघा डावा. परवा कुणीतरी म्हणालं, चुकीच्या हातात आहे.

नंदिनी

काका, उजव्या हातात घ्या, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला. डावं पाऊल आणि काठी एकाच वेळी पुढे टाकायची, म्हणजे शरीराचा भार काठीवर वाटला जातो. उंची बघायला पायात नेहमीची चप्पल-बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या वळीला यायला हवी. कोपर थोडंसं वाकलेलं राहील. खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर आजच बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी, आणि दुसरा हात कठड्यावर.

वैदेही, आईंनाही हे उपयोगी पडेल. त्यांच्यासाठी काठी डाव्या हातात.

वैदेही

कठडा आमच्याकडे उतरताना डाव्या बाजूला आहे. मग काठी कुठल्या हातात?

नंदिनी

कठडा असेल तिथे कठडाच आधी. उतरताना डावा हात कठड्यावर, काठी उजव्या हातात घेतली तरी चालेल, सपाट जागी आल्यावर परत डाव्या हातात. सुरुवातीला तुम्ही त्यांच्या एक पायरी खाली, समोर उभ्या राहा, आणि बोलत राहू नका, त्यांना पायाकडे लक्ष देऊ द्या. दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवता आला तर बसवून घ्या.